हाल्मे समितीचा अहवाल

बावीस वर्षांत सोसायटीच्या वार्षिक सभेत एन्सिओ हाल्मे यांनी तोंड उघडलं होतं ते फक्त कॉफी पिण्यासाठी आणि वेलदोड्याचा गोड पाव खाण्यासाठी.

यात घुमेपणा नव्हता, शहाणपण होतं. फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातल्या त्या तीन जिन्यांच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं, की सभेत जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. बऱ्याच वर्षांपूर्वी ए जिन्यातले एक गृहस्थ 'सायकलींच्या खोलीत फार दाटी होते' एवढंच म्हणाले होते. ते आजतागायत सायकल-खोलीचे प्रमुख आहेत. त्यांच्याकडे सायकल नाही. सी जिन्यातल्या एका बाईंना सभेत ठसका लागला, तेव्हा अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत 'काही म्हणायचंय का?' असं विचारलं. त्या बाई पुढची दोन वर्षं सभेलाच आल्या नाहीत.

असं असताना यंदाच्या एप्रिलमध्ये, विषय क्रमांक अकरावर, हाल्मे उभे राहिले आणि बोलले.

विषय होता 'रप्पु'. रप्पु, म्हणजे जिना, हे एका नव्या कंपनीने काढायला घेतलेल्या समाजमाध्यमाचं नाव होतं. जगभरच्या लोकांशी जोडणारी माध्यमं पुष्कळ झाली; हे समोरच्या दारातल्या माणसाशी जोडणार होतं. प्रत्येकाने ते मोबाइलवर घ्यायचं, जिन्यात कोण आहे ते त्यात पिवळ्या ठिपक्यांनी दिसणार, शेजाऱ्यांनी एकमेकांना लाल हृदयं पाठवायची, कोणी पाव भाजला तर कळवायचं. पत्रकात वापरणाऱ्यांचे फायदे दिले होते: जवळीक, सहभाग आणि एकत्रपणाची अनुभूती. एकत्रपणाची अनुभूती म्हणजे काय हे सभेत कोणालाच कळलं नव्हतं, पण तेवढ्यासाठी विचारून काम अंगावर ओढवून घेणारा कोणी नव्हता. हाल्मेही गप्पच बसले असते. पण पत्रकाच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ होती. सप्टेंबरपासून सॉनाच्या वेळा 'शेजारपणाच्या गुणांनुसार' वाटल्या जातील.

इमारतीच्या तळघरात एक सॉना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, आहे. प्रत्येक कुटुंबाला आठवड्यातून एक तास. सोमवारी दुपारी तीनचा तास कोणालाही मिळतो, कारण तो कोणालाच नको असतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाचा तास मात्र अकरा वर्षं रांगेत थांबून मिळतो. सी जिन्यातल्या व्हिर्तानेनबाई स्पेनला राहायला गेल्या आणि फेब्रुवारीत तो हाल्मेंना मिळाला. सॉनाच्या दाराशेजारच्या यादीत 'शुक्र. ६, हाल्मे' असं लिहिलेलं होतं आणि गेले दहा शुक्रवार हाल्मे आत जाण्यापूर्वी ते एकदा वाचत होते. सिर्काबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, इतकी धग सोसत नसे. त्यामुळे वरच्या बाकावर ते एकटेच बसत आणि आपण आयुष्यात काहीतरी मिळवलं आहे असं त्यांना दर आठवड्याला एक तास वाटे.

"यात," हाल्मे उभे राहून म्हणाले, "वापरणाऱ्याचा फायदा नेमका काय?"

सभागृहातल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या आणि कॉफीच्या यंत्राने उसासा टाकला. अध्यक्षा राइली ओल्लिला या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण फक्त शाळेतून.

"फार चांगला प्रश्न," त्या म्हणाल्या. "हाल्मे, मग तुम्हीच शोधून काढा." आणि त्यांनी हातोडी आपटली.

इतिवृत्तात नोंद झाली: वापरणाऱ्यांच्या फायद्याची चौकशी करण्यासाठी हाल्मे समिती नेमली. सदस्य: हाल्मे. मुदत: सहा आठवडे. तोवर बी जिन्यात रप्पु चाचणीसाठी चालू राहील. हाल्मे बी जिन्यातच राहत होते.

"तू बोललास?" सिर्काबाईंनी घरी आल्यावर विचारलं. गुडघा दुखत असल्याने त्या सभेला गेल्या नव्हत्या.

"एकच वाक्य."

"साधं वाक्य की प्रश्न?"

"प्रश्न."

"मग गेलास कामातून," म्हणून त्यांनी विणकाम पुढे चालू केलं.

हाल्मे नोकरीत असताना वजनमापांचे निरीक्षक होते. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांतले काटे आणि पेट्रोलचे पंप तपासले होते. जे मोजता येतं ते मोजायचं आणि जे मोजता येत नाही त्याला सील लावायचं, हा त्यांचा खाक्या. तेव्हा त्यांनी ठरवलं, की घरोघरी जाऊन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर वहीत लिहायचं. दोन दिवसांचं काम.

आधी जिन्यात सूचना लावायला हवी होती. सूचनेला व्यवस्थापकांची परवानगी लागते. व्यवस्थापक फोनवर मंगळवारी नऊ ते दहा भेटतात. पहिल्या मंगळवारी फोन तासभर व्यग्र होता. दुसऱ्या मंगळवारीही. तिसऱ्या मंगळवारी लागला.

"तुम्ही घरांच्या क्रमांकासह उत्तरं लिहिणार?" व्यवस्थापकांनी विचारलं. "मग ती वैयक्तिक माहितीची नोंदवही झाली. गोपनीयतेचं निवेदन लागेल. माहितीला जबाबदार कोण?"

"मी."

"तक्रार कोणाकडे करायची?"

"माझ्याकडेच. समितीत मी एकटाच आहे."

"तुमचंही घर बी जिन्यात आहे ना? मग तुमची माहिती गोळा केली जाणार असल्याचं तुम्हाला लेखी कळवावं लागेल."

हाल्मेंनी स्वतःला पत्र लिहिलं, स्वतःच्या दाराच्या फटीतून आत टाकलं, आत जाऊन उचललं आणि पोच दिली. मग, समितीने वस्तू न बघताच अहवाल कसा लिहायचा, म्हणून त्यांनी मोबाइलवर रप्पु घेतलं. तिथे निवेदन वगैरे काही नव्हतं. एक निळं बटण होतं, 'सर्व मान्य'. ते दाबताच रप्पुने त्यांचे फोटो, ओळखीचे लोक, रोजची पावलं आणि मनगटावरच्या घड्याळातून छातीचे ठोके ताब्यात घेतले आणि ते म्हणालं, 'एन्सिओ, किती छान! आता तू एकटा नाहीस!' खाली लिहिलं होतं, 'बी जिना. सदस्य: १.'

घरोघरी जाण्यापूर्वी त्यांनी समोरच्या दारातल्या तूरे किवेलांचा सल्ला घेतला. बावीस वर्षं दोघं समोरासमोर राहत होते आणि त्यांची चांगली ओळख होती, म्हणजे लिफ्टमध्ये मान हलवण्याइतकी.

"एकदम घंटा वाजवू नका," किवेला हलक्या आवाजात म्हणाले. "आमच्याकडे घंटा वाजली की बायकोला वाटतं कोणीतरी गेलं. आधी चिठ्ठी टाका. अमुक दिवशी अमुक वाजता येतो म्हणून. माणसाला मनाची तयारी करायला वेळ मिळतो."

सल्ला सभ्य होता. हाल्मेंनी दहा दारांत चिठ्ठ्या टाकल्या: रविवार, दुपारी दोन ते चार. लोकांनी मनाची पूर्ण तयारी केली. रविवारी दोन वाजता बी जिन्यातली दहाच्या दहा घरं बंद होती. हाल्मे खिडकीपाशी गेले, तर आईस्क्रीमच्या टपरीपाशी किवेला पतिपत्नी बाकावर पाठ करून बसलेली दिसली. हवा सहा अंश होती.

"चिठ्ठी कसली टाकतोस?" चौथ्या मजल्यावरच्या हिल्काबाई नंतर त्यांना म्हणाल्या. वय चौऱ्याऐंशी, आणि इमारतीत त्या सगळ्यांनाच एकेरीत हाक मारत. "जिन्यात वास घे. ज्या दारातून पाव भाजल्याचा वास येईल ते वाजव. पाव भट्टीत असताना माणूस घर सोडून पळत नाही."

हे मात्र लागू पडलं. अडचण एवढीच, की आत गेलं की कॉफी आलीच, आणि कॉफीला नाही म्हणणं म्हणजे घराण्याचा अपमान. पहिल्या दिवशी हाल्मेंनी चार घरांत मिळून नऊ कप घेतले. पाचव्या दाराशी ते पोचले आणि खिशातून रप्पु ओरडलं, 'एन्सिओ, तुझं हृदय आज केवढं धडधडतंय! कोणी खास भेटलं का?' दार उघडणाऱ्या बाईंनी ते ऐकलं आणि दार पुन्हा अर्धं लावून घेतलं.

त्यात कंपनीचा प्रतिनिधी योनातान येऊन गेला. वय पस्तिशीचं, दाढी व्यवस्थित, उत्साह अव्यवस्थित.

"एन्सिओ, तुम्ही आमचे आदर्श वापरकर्ते आहात!"

"मी समिती आहे."

"तेच तर! समितीसुद्धा गुंतली!"

"वापरणाऱ्याचा फायदा काय, ते सांगा."

"लोक जोडले जातात."

"जोडले जाऊन काय होतं?"

योनातानने प्रामाणिकपणे विचार केला. "आणखी जोडले जातात," तो म्हणाला.

हाल्मेंनी ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात एक मोठं रंगीत पत्रक लागलं. 'हे आहेत बी जिन्यातले सर्वांत जिव्हाळ्याचे शेजारी!' खाली हाल्मेंचा फोटो. तो त्यांच्याच मोबाइलने, त्यांच्याच हातून, चुकून खालून निघाला होता आणि त्यात चेहऱ्यापेक्षा नाकपुड्या अधिक होत्या. हाल्मेंनी मंगळवारी नऊ वाजता फोन लावला. पत्रकाला परवानगी होती का? लागत नाही, व्यवस्थापक म्हणाले. परवानगी सूचनेला लागते. ही जाहिरात आहे. आणि फोटोचं म्हणाल, तर निळं बटण तुम्ही स्वतःच दाबलंत ना?

दहा घरं संपायला तीन आठवडे लागले. 'तुम्हाला यातून कोणता फायदा हवा?' या प्रश्नावर बहुतेकांनी आधी विचारलं, 'बाकीचे काय म्हणाले?' मग कॉफीचा दुसरा कप ओतला आणि मग दार नीट लावलेलं आहे ना हे बघून एकच गोष्ट विचारली.

"ते पिवळे ठिपके," किवेला कुजबुजले. "ते खरे असतात का? म्हणजे जिन्यात कोणी आहे की नाही, ते बाहेर न डोकावता कळतं?"

"कळतं."

"मग कोणी असेल तर... जरा थांबता येईल?"

हाल्मेंना मनातल्या मनात कबूल करावं लागलं, की प्रश्न रास्त आहे. बाहेर पडायच्या आधी दाराच्या भिंगातून बघायचं, जिन्यात कोणी असेल तर तो जाईपर्यंत कोट घालून आत उभं राहायचं, ही या इमारतीतली जुनी रीत. भिंगातून समोरचं दार दिसतं, वरचा मजला दिसत नाही, ही त्या रीतीतली एकमेव त्रुटी होती. ती आता भरून निघत होती. आठवड्याभरात बी जिन्यातली अकराच्या अकरा घरं रप्पुवर आली. योनातानने आनंदाने सगळ्यांना केक पाठवला. सगळ्यांनी तो घरातच खाल्ला.

हाल्मेंनी वही मिटली. फायदा सापडला होता. खराखुरा, मोजता येण्यासारखा. आणि चाळीस वर्षं काटा जे दाखवतो तेच लिहिलेल्या माणसाला तो लिहिणं भाग होतं. तो लिहिला की रप्पु मंजूर, रप्पु मंजूर झालं की गुण लागू, आणि गुण लागू झाले की शुक्रवार गेला. कारण गुणांत ते आता पहिले नव्हते. हिल्काबाईंनी तिसऱ्याच दिवशी शोधून काढलं होतं, की पाठवलेल्या प्रत्येक हृदयाला एक गुण मिळतो. त्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्याच अंगठा चालू करत. त्यांचे चार हजार एकशे सोळा गुण झाले होते. हाल्मेंचे नव्वद.

"हिल्काबाई, तुम्हाला शुक्रवारचे सहा हवेत का?" हाल्मेंनी जमेल तितक्या सहज विचारलं.

"छे रे! डॉक्टरांनी सॉना बंद केलाय मला."

"मग?"

"मग काय? जिंकायला डॉक्टरांनी कुठे बंदी घातलीय?"

म्हणजे शुक्रवारी सहा वाजता सॉना रिकामा राहणार. थंड, कोरडा, कुलूपबंद. त्या रात्री हाल्मे नीट जेवले नाहीत. सिर्काबाईंनी विचारलं, तर म्हणाले कॉफी जास्त झाली.

मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी श्रमदान होतं. दरवर्षी सकाळी दहाला सगळ्या इमारतीने अंगणात उतरायचं, पाचोळा ओढायचा आणि मग भाजलेली सॉसेजं खायची. उशीर कोणी करत नाही. दहा म्हणजे दहा. पावणेदहापासून बी जिन्यातली सगळी घरं हातमोजे चढवून आपापल्या दाराआड मोबाइल धरून उभी होती. हाल्मेही होते. पडद्यावर एक ठिपका होता. कोणीतरी कचरा टाकून येत होतं. तो सरकत सरकत तिसऱ्या मजल्यावर गेला, एक दार वाजलं आणि ठिपका विझला. पडद्यावर अक्षरं आली: 'जिना रिकामा आहे.' दहाला तीन मिनिटं कमी होती.

अकरा दारं एकाच क्षणी उघडली.

चार मजल्यांवर मिळून एकोणीस माणसं, कोट घातलेली, हातात खराटे, उंबऱ्यात उभी. परत आत जाणं म्हणजे उघड उघड अपमान. पुढे जाणं म्हणजे भेट. कोणीच हललं नाही. मग एकोणीसच्या एकोणीस खिशांतून एकदम तुतारी वाजली आणि रप्पु गरजलं, 'व्वा! जिन्यात मैफल! प्रत्येकाला पन्नास गुण!'

किवेलांनी घसा खाकरला. बावीस वर्षांत हाल्मेंनी त्यांचा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"ऊन पडलंय," किवेला म्हणाले.

"पडलंय," खालच्या मजल्यावरून कोणीतरी दुजोरा दिला.

"काल नव्हतं," आणखी कोणी म्हणालं.

आणि वरून, कठड्याला धरून उभ्या असलेल्या हिल्काबाई हसायला लागल्या. त्या अशा हसल्या, की एकेक मजला खाली उतरत ते हसू तळाशी पोचलं. सगळे एका रांगेत, कोणालाही न ओलांडता, खाली उतरले. अंगणात अध्यक्षा ओल्लिला हजेरीचा कागद घेऊन उभ्या होत्या.

"हा काय मोर्चा आहे?" त्यांनी विचारलं. "हाल्मे, तुमचं काम का?"

 हाल्मे खराट्यावर रेलून वहीत लिहीत होते. एप्रिलच्या सभेनंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर सॉनातला भाव होता.

जादा सभेत समितीचा चौदा पानी अहवाल मांडण्यात आला. निष्कर्ष शेवटच्या पानावर होता आणि तो अध्यक्षांनी स्वतः, शुद्धलेखन वाचून दाखवावं तसा, वाचला. रप्पुमुळे वापरणाऱ्याला एकच फायदा होतो: दुसऱ्या वापरणाऱ्याला टाळता येतं. परंतु सर्वांनी वापरल्यास सर्व जण एकाच वेळी बाहेर पडतात आणि तो फायदा उरत नाही. कंपनीचा फायदा सर्वांनी वापरण्यात आहे. वापरणाऱ्याचा फायदा इतरांनी न वापरण्यात आहे. सबब, जो फायदा थोड्यांनाच मिळतो आणि केवळ इतरांना न मिळाल्यामुळेच टिकतो, तो सोसायटीने कोणालाही देऊ नये.

मागे बसलेला योनातान वहीत काहीतरी टिपून घेत होता. रप्पु एकमताने नामंजूर झालं. कोणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या. हाल्मे खाली बसले आणि त्यांनी पावाचा मोठा घास घेतला. शुक्रवार वाचला होता.

"एक मिनिट," अध्यक्षा म्हणाल्या. त्या शेवटचं वाक्य पुन्हा, बोट ठेवून, वाचत होत्या. "'जो फायदा थोड्यांनाच मिळतो आणि केवळ इतरांना न मिळाल्यामुळेच टिकतो.' हाल्मे, हे तत्त्व फार चांगलं मांडलंय. सोसायटीत असं आणखी काय आहे बरं?"

हाल्मेंनी उरलेला पाव बशीत ठेवला.

"शुक्रवारचे सहा," सी जिन्यातून आवाज आला. "आम्ही सात वर्षं रांगेत आहोत."

"आम्ही नऊ."

रांगेत सतरा कुटुंबं निघाली. प्रस्ताव आला: शुक्रवारी चार ते सहा सॉना सगळ्या बायकांना खुला, सहा ते आठ सगळ्या पुरुषांना. मतदान हात वर करून. हाल्मेंनी सभोवार बघितलं. हातांचं रान माजलं होतं आणि अगदी शेजारचाच एक हात, अर्धवट विणलेल्या मोज्यासकट, वर होता.

"सिर्का! तूसुद्धा?"

"तुझाच अहवाल आहे," सिर्काबाई म्हणाल्या. "वाचला मी. पटला मला."

पुढच्या शुक्रवारी हाल्मे सहाला पाच कमी असताना खाली गेले. ते आंघोळीला नव्हे, निषेधाला जात होते. आक्षेपाचं पत्र त्यांनी मनात तयार केलं होतं आणि सात परिच्छेद झाले होते. दारातून हिल्काबाई लालबुंद चेहऱ्याने बाहेर येत होत्या.

"डॉक्टरांनी बंद केलाय ना तुम्हाला?" हाल्मे म्हणाले.

"खालच्या बाकावर बसले होते," हिल्काबाई म्हणाल्या. "डॉक्टर वरच्या बाकाबद्दल बोलत असणार."

आत सात पुरुष बसले होते. कोणी वळून बघितलं नाही. पण वरच्या बाकावरचा भिंतीकडचा कोपरा, जिथे ते इतके शुक्रवार बसले होते, तो रिकामा होता. नुसता रिकामा नव्हता. तो रिकामा राहावा म्हणून शेजारी किवेला एका मांडीवर, अत्यंत अवघड अवस्थेत, टेकले होते. हाल्मे वर चढले आणि बसले. आक्षेपाच्या आठव्या परिच्छेदाची सुरुवात त्यांना सुचेना.

बारा मिनिटं कोणी काही बोललं नाही. ती फार चांगली बारा मिनिटं होती. मग किवेलांनी लाकडी पळी पाण्यात बुडवली आणि ती भट्टीच्या तापल्या दगडांवर धरून ते थांबले.

"टाकू?" त्यांनी विचारलं.

इतक्या शुक्रवारांत हाल्मेंना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी थोडा वेळ, काटा स्थिर होण्याची वाट पाहावी तशी, वाट पाहिली.

"टाका," ते म्हणाले. "आणि किवेला, जरा इकडे सरका. त्या टोकाला वाफ पोचत नाही."